खारं की गोडं

बंदराच्या कचेरीत माझं काम साधं आहे. कोणती नौका धक्क्याच्या कोणत्या जागेवर बांधायची ते मी ठरवते आणि वहीत लिहून ठेवते. समोरच लाकडी धक्का आहे, त्यामुळे माणसं माझ्याकडे येण्याआधीच त्यांच्याबद्दल मला बरंच कळलेलं असतं. कोण दोर नीट गुंडाळून ठेवतो, कोण नुसता भिरकावून जातो, कोणते नवरा-बायको नौकेवर चढेपर्यंत भांडतात आणि चढल्यावर गप्प होतात, हे सगळं. लिफ्टवाल्यांना मी अशीच आधी लांबूनच ओळखायला लागले.

लिफ्टवाले हे नाव त्यांना धक्क्यावरच पडलं. अडतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. शहरातल्या उंच इमारतींपैकी निम्म्या तरी त्यांच्या हाताखालून गेल्या असतील. अडकलेल्या माणसांना बाहेर काढणं, आणि तोवर दाराच्या फटीतून त्यांच्याशी शांतपणे गप्पा मारत राहणं, यात त्यांचा हातखंडा. त्यांचं लग्नही असंच जमलं. इस्पितळाच्या लिफ्टमध्ये एक तरुण नर्स औषधांच्या ढकलगाडीसकट अडकली होती. चाळीस मिनिटं त्यांनी तिचा नुसता आवाज ऐकला, चेहरा नंतर पाहिला. "चेहरा पाहायच्या आधीच ठरलं होतं," असं ते म्हणायचे. त्यावर त्यांच्या बायकोचं म्हणणं असं की तिचं काही ठरलं नव्हतं, तिला फक्त बाहेर पडायचं होतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एका हेडमास्तरांकडून शिडाची जुनी नौका घेतली. जेमतेम चार माणसं झोपू शकतील एवढी, फायबरची, आतून लाकडी. नोंदणी करायला माझ्यासमोर बसले तेव्हा मी सहज विचारलं की या वयात हे कसं काय सुचलं. ते म्हणाले, "आयुष्यभर वर-खाली केलं. आता जरा आडवं जायचंय."

माणूस नेटका. रोज सकाळी सातला धक्क्यावर हजर. आधी नौकेच्या टाकीत नळाचं पाणी भरायचं, मग डेक पुसायचा, मग चहा. दोर असे गुंडाळलेले की जणू दुकानात मांडले आहेत. शीड उभारायला ते हेडमास्तरांकडून शिकले होते आणि वारा बेताचा असला की बंदराच्या आतल्या आत एखादी फेरीही मारायचे. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. धक्क्यावर नवे मालक येतात ते पहिले सहा महिने सगळ्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडतात. लिफ्टवाले कोणालाच काही विचारत नसत. दुसऱ्याच्या नौकेवर काही काम चाललेलं दिसलं की हात मागे बांधून लांब उभे राहायचे, पाहायचे आणि निघून जायचे.

यामागचं कारण मला त्यांच्या बायकोने पुढे सांगितलं. कामाला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मोठ्या मिस्त्रीला काहीतरी विचारलं होतं, आणि मिस्त्रीने सगळ्यांना हाका मारून गोळा केलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावला. सगळे खो खो हसले. त्या दिवसापासून हा माणूस पाहून शिकला, ऐकून शिकला, पण विचारलं म्हणून कधी नाही. पुढे तर स्वतःच मोठा मिस्त्री झाल्यावर विचारायची वेळच येईना. नौका घेतल्यावर पहिल्यांदाच त्यांच्यासमोर असं काही आलं होतं की ज्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. प्रश्न त्यांनी एका डायरीत लिहायला सुरुवात केली. डायरी भरत चालली. उत्तरांची बाजू कोरीच.

नौका घेऊन दोन महिने झाले असतील. एका सकाळी त्यांनी आतल्या, पायाखालच्या तळफळ्या उचलल्या. नौकेच्या पोटात, अगदी खालच्या खळग्यात, दोन बोटं पाणी साचलेलं होतं. त्यांनी ते स्पंजने उपसलं, फडक्याने कोरडं केलं. दुसऱ्या दिवशी पाहतात तर पाणी पुन्हा तेवढंच. तिसऱ्या दिवशीही.

पाऊस तीन आठवडे पडला नव्हता. म्हणजे वरून आलेलं नाही, एवढा हिशेब त्यांनी केला. वरून नाही म्हणजे खालून. आणि खाली तर समुद्रच.

मग त्यांनी तेच केलं जे अडतीस वर्षं करत आले होते. मोजमाप. खिशात स्टीलची पट्टी, सकाळी एकदा मोजायचं, संध्याकाळी एकदा. अठरा मिलिमीटर, वीस मिलिमीटर, सतरा. आलेखाच्या कागदावर आकडे चढत-उतरत राहिले. पाणी कुठून येतंय ते काही कळेना. बॅटरी घेऊन ते पालथे पडून कोपरा न् कोपरा पाहायचे. गुडघे सोलवटले, कमरेने असहकार पुकारला, घरी सांगितलं की व्यायाम जास्त झाला.

याच सुमारास शेजारच्या नौकेवरच्या डॉक्टरांनी त्यांना स्पंज पिळताना पाहिलं. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, मनाने चांगले, पण मत द्यायला कोणी विचारायची वाट पाहत नाहीत. ते आले, वाकले, नौकेच्या अंगावर बोटाच्या पेराने टकटक करून पाहिलं आणि गंभीर चेहरा केला. फायबरमध्ये पाणी मुरलंय, म्हणाले. वरून धडधाकट दिसतं, आतून पोखरलेलं असतं. अशी नौका शक्य तेवढ्या लवकर काढून टाकावी. एवढं बोलून ते आपल्या कॉफीकडे परत गेले.

लिफ्टवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांची झोप उडाली, जेवणावरचं लक्ष गेलं. नौका विकायची तर घेणाऱ्याला खरं सांगावं लागणार, आणि खरं सांगितलं तर कोण घेणार? न सांगता विकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. हेडमास्तरांनी आपल्याला फसवलं असेल का, हा विचार त्यांना सगळ्यात जास्त खात होता, कारण हेडमास्तर त्यांना फार आवडले होते. दहा-बारा दिवस त्यांनी हे सगळं एकट्याने पोटात ठेवलं.

ते फुटलं एका कागदामुळे. बायको पॅन्ट धुवायला टाकत होती, खिशात घडी घातलेला आलेखाचा कागद सापडला. तारखा, सकाळ-संध्याकाळ, ठिपके, ठिपक्यांना जोडणारी रेघ. तिने पस्तीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात काढलेली. कागद हातात घेऊन ती बैठकीच्या खोलीत आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"हा ताप कोणाचा?"

त्यांनी सगळं सांगून टाकलं. पाणी, पट्टी, गुडघे, डॉक्टर, हेडमास्तर. तिने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. सगळं ऐकल्यावर तिने एवढंच विचारलं की हे दाखवलं कोणाला. डॉक्टरांनी पाहिलं, असं ते म्हणाले. त्यावर ती म्हणाली, "अहो, ते दात बघतात. मी विचारतेय, ज्याला कळतं त्याला विचारलंत का?"

ती त्यांच्या शेजारी बसली.

"आमच्या वॉर्डात नवे आईबाप यायचे," ती म्हणाली. "शिंक आली तरी विचारणारे, दूध किती चमचे, झोपवायचं कुठल्या कुशीवर. मला त्यांची कधीच काळजी वाटली नाही. गप्प बसून डोळे फाडून बघत राहायचे ना, त्यांची वाटायची. उद्या सकाळी मी तुमच्याबरोबर येते."

दुसऱ्या दिवशी ती दोघं आधी माझ्याकडे आली. बायकोनेच विचारलं की नौकांमधलं सगळ्यात जास्त कळणारं माणूस इथे कोण. मी त्यांना वरच्या मजल्यावर शिडवाल्या ताईंकडे पाठवलं.

ताईंची खोली म्हणजे आमच्या गोदामाच्या वरचा अख्खा मजला. गुळगुळीत लाकडी जमीन, कुठे खुर्ची नाही, टेबल नाही, कारण शीड पसरायला सगळी जागा लागते. शिवणयंत्र जमिनीतच एका खड्ड्यात बसवलेलं, म्हणजे कापड जमिनीच्या पातळीवरूनच सुईखाली जातं. ताई त्या खड्ड्यात बसून शिवतात, त्यामुळे नवख्याला त्या कमरेपासून वरच दिसतात. आत जायचं तर बूट बाहेर. त्या शिवतात शिडं, पण तरुणपणी वीस वर्षं लोकांच्या नौका या बंदरातून त्या बंदरात पोचवायचं काम त्यांनी केलंय. नौकेला होऊ शकतं ते सगळं त्यांच्यादेखत कधी ना कधी होऊन गेलेलं आहे.

लिफ्टवाले मोज्यांवर उभे राहून बोलायला लागले. सुरुवात अडखळत झाली, पण आलेख पुढे केल्यावर आवाज सुटला. किती मिलिमीटर, कोणत्या वेळी, भरती किती, ओहोटी किती, सगळं त्यांनी नीट मांडलं. ताईंनी यंत्र थांबवून ऐकलं. कागद पाहून त्यांना कौतुकच वाटलं असावं. मग त्यांनी विचारलं, "चव कशी आहे, काका?"

"कशाची?"

"पाण्याची. खारं की गोडं?"

नंतर मला हा प्रसंग सांगताना लिफ्टवाले इथे नेहमी थांबायचे. चोवीस वेळा त्यांनी ते पाणी मोजलं होतं. रंग पाहिला होता, वास घेतला होता, एकदा तर बाटलीत भरून उजेडात धरलं होतं. जिभेला लावायचं त्यांना सुचलं नव्हतं.

तिघं नौकेवर गेली. तळफळी उचलली, त्या दिवसाचं पाणी तिथे होतंच. ताईंनी आधी वास घेऊन डिझेल नसल्याची खात्री केली, बोट बुडवलं, जिभेच्या टोकाला लावलं आणि रुमालात थुंकल्या. लिफ्टवाल्यांच्या बायकोला हे बघवत नव्हतं. पस्तीस वर्षं हात धुवा, हात धुवा सांगत आलेली बाई ती. पण ताईंचा चेहरा पाहून तिनेही बोट बुडवलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"गोडं," बायको म्हणाली. "नळाचं आहे हो. आपल्या नळाचं."

लिफ्टवाल्यांनी स्वतः चव घेतली, एकदा नाही, दोनदा. मग ते आतल्या पायरीवर बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले. समुद्र आत येत नव्हता. फायबर पोखरलेलं नव्हतं. हेडमास्तरांनी फसवलं नव्हतं. गळत होती ती त्यांची स्वतःची पिण्याच्या पाण्याची टाकी, जी ते शिस्तीने रोज सकाळी सातला काठोकाठ भरत होते. "म्हणजे मीच भरत होतो आणि मीच उपसत होतो," ते म्हणाले.

ताई म्हणाल्या की खारं असतं तरी रडायचं कारण नव्हतं. नौकेत समुद्राचं पाणी शिरायच्या जागा मोजक्या असतात, एकेक करून पाहायच्या. पण आधी पाणी कुठलं ते कळलं की निम्मी शोधाशोध वाचते. मग त्यांनी कागदी रुमालांचं पाकीट मागवलं, खळगा कोरडा करवला आणि टाकीपासून नळापर्यंत पाइपाच्या प्रत्येक जोडाला एकेक रुमाल गुंडाळला. तिघांनी वर बसून चहा घेतला. अर्ध्या तासाने पाहिलं तर भांडी धुवायच्या जागेमागचा एकच रुमाल भिजला होता. तिथली पाइप आवळणारी धातूची पट्टी सैल झाली होती. पेचकस घातला, दोन आटे फिरवले, काम झालं.

त्या संध्याकाळी लिफ्टवाल्यांनी मोजलं, शून्य. दुसऱ्या सकाळी, शून्य. ताप उतरला, असं बायकोने आलेखाच्या खाली लिहिलं. त्या रात्री ते इतके गाढ झोपले की सातला धक्क्यावर पोचायच्या ऐवजी साडेनऊला पोचले, आणि गालावर उशीची खूण तशीच होती.

एकदा बांध फुटल्यावर मात्र त्यांना थांबवणं कठीण झालं. डायरीत त्रेचाळीस प्रश्न होते. दुपारी जेवण झालं की ते ताईंच्या खोलीत जायचे, बूट काढायचे, भिंतीला टेकून बसायचे आणि विचारायचे. ताई शिवता शिवता उत्तर द्यायच्या. दोर कशाने धुवायचे? साबण नको, साधं गोडं पाणी, मिठाचे कण दोराला आतून कापतात. शीड किती वर्षं टिकतं? वाऱ्याने ते जेवढं जात नाही तेवढं उन्हाने जातं, म्हणून काम झालं की लगेच झाकायचं. नौकेला पाण्यात ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्यावर तो जस्ताचा गोळा कशाला बसवलाय? तो झिजावा म्हणूनच, म्हणजे पंखा झिजत नाही, निम्मा उरला की बदलायचा. इंजिनासाठी समुद्राचं पाणी आत घेणारी झडप उघडीच राहू दिली तर चालेल का? महिन्यातून एकदा तरी उघड-बंद करायची, नाहीतर ज्या दिवशी बंद करायची गरज पडेल त्या दिवशी ती हलणार नाही.

काही प्रश्नांना ताई सरळ माहीत नाही म्हणायच्या आणि तिथेच फोन उचलून इंजिनवाल्याला विचारायच्या. लिफ्टवाल्यांना याचं फार नवल वाटलं. घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं की बाईंना एवढं येतं, तरी विचारतात. बायको म्हणाली की एवढं येतं ते म्हणूनच.

मग एका दुपारी उलटंच झालं. डोलकाठीला चारी बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारांचा विषय निघाला आणि ताईंनी त्यांना विचारलं की लिफ्टचा तारेचा दोर बदलायची वेळ आली हे ते कसं ओळखायचे. लिफ्टवाल्यांनी खिशातून मऊ सुती फडकं काढलं. दोरावरून हे हलकेच फिरवायचं, म्हणाले. डोळ्याला दिसत नाही ते फडक्याला कळतं. तुटलेली बारीक तार असली तर फडक्याचा धागा तिथे अडकतो. बोट मात्र फिरवायचं नाही, बोट फाटतं.

दोघं फडकं घेऊन धक्क्यावर आली. ताईंचीही एक छोटी नौका तिथे बांधलेली असते, तिच्या तारा पाहिल्या, लिफ्टवाल्यांच्या स्वतःच्या पाहिल्या, ठीक होत्या. तो शनिवार होता. शेजारी डॉक्टर दुसऱ्या दिवशीच्या सहलीचं सामान चढवत होते. बहीण आणि तिच्या दोन मुली येणार होत्या, वारा जोरदार असेल असा अंदाज होता आणि डॉक्टर त्यामुळे खूश होते. त्यांच्या डोलकाठीच्या उजव्या बाजूची तार जिथे डेकला जोडलेली होती, तिथे लिफ्टवाल्यांना गंजाची एक बारीक रेघ दिसली. त्यांनी परवानगी घेऊन फडकं फिरवलं. ते अडकलं.

आता हे सांगायचं कसं? महिनाभरापूर्वी याच माणसाने त्यांची झोप उडवली होती. पण लिफ्टवाल्यांचा आवाज तसा झाला, जसा दाराच्या फटीतून बोलताना व्हायचा. त्यांनी डॉक्टरांना विचारलं की ही तार शेवटची कधी बदलली. डॉक्टरांना माहीत नव्हतं. नौका घेतली तेव्हा होती तीच, म्हणजे अकरा वर्षं तरी झालीच. लिफ्टवाल्यांनी फडकं त्यांच्या हातात दिलं. डॉक्टरांनी स्वतः फिरवलं, धागा अडकलेला पाहिला, पुन्हा फिरवलं.

"उद्या जाऊ नका," लिफ्टवाले म्हणाले. "माझी चूक असली तर मला हसा. पण उद्या नका जाऊ."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी खाली बसून बहिणीला फोन लावला.

मंगळवारी तार उतरवली. आतल्या एकोणीस तारांपैकी तीन तुटलेल्या निघाल्या आणि आणखी दोन तारांना तडा गेलेला, तोही खालच्या खोबणीच्या आत, जिथे डोळ्याला काहीच दिसलं नसतं. डॉक्टर तो तुकडा घेऊन माझ्या कचेरीत आले, टेबलावर ठेवला आणि पाणी मागितलं. मग म्हणाले, "माझी धाकटी भाची नेहमी त्याच बाजूला बसते." नवी तार बसवून होईपर्यंत ते रोज संध्याकाळी लिफ्टवाल्यांच्या नौकेवर जाऊन बसायचे. तिथे आता मतं द्यायचं काम बंद होतं. दोघं प्रश्नच विचारायचे, ताई धक्क्यावरून जाता जाता उत्तरं द्यायच्या.

पुढच्या महिन्यात लिफ्टवाले पहिल्यांदा बंदराच्या बाहेर गेले, बायकोला घेऊन. समोरच्या भूशिरापर्यंत जायचं, वळायचं आणि परत यायचं. दुपारी वारा होता, परतताना तो पडला. इंजिन सुरू केलं असतं तर अर्ध्या तासात आले असते. त्यांनी ते सुरू केलं नाही. शीड मधूनच फुगायचं, मधूनच पडायचं, आणि नौका माणूस रमतगमत घरी यावा तशी येत राहिली. तीन तास लागले. बायको सुकाणूजवळच्या बाकावर त्यांचा कोट पांघरून झोपी गेली होती.

उन्हं कलली तेव्हा ते धक्क्याला लागले. दोर घ्यायला ताई आणि मी दोघी उभ्या होतो. लिफ्टवाल्यांनी तोंडावर बोट ठेवलं, दोर अलगद आमच्याकडे फेकला आणि आम्ही कुजबुजत नौका बांधली. तरी नौका धक्क्याला जराशी घासली आणि बायकोने डोळे उघडले. उठून बसली, केस सारखे केले, इकडेतिकडे पाहिलं.

"पोचलो?" तिने विचारलं.

"आत्ताच," ते म्हणाले, आणि तिला उतरायला हात दिला.